पिंपातली किल्ली

'रुची' या शब्दाची मराठी समीक्षेतील वाटचाल चमत्कारिक आहे. जिभेच्या व्यापारातून तो आला, वाङ्मयाच्या व्यवहारात स्थिरावला आणि 'अभि' हा उपसर्ग लावून घेऊन त्याने आपले मूळ कुळ जवळजवळ झाकून टाकले. 'रस', 'आस्वाद', 'चर्वणा', 'गोडी' अशी आपली निम्मी परिभाषा स्वयंपाकघरातली आहे. तरी प्रत्यक्ष चवीविषयी गंभीरपणे बोलायची वेळ आली की समीक्षक संकोचतो. पेयाविषयी तर अधिकच. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ने मराठी वाचकाच्या मनात मद्य आणि अधःपात यांची जी गाठ मारली, ती अद्याप सुटलेली नाही. प्रस्तुत विवेचनात मद्यपानाच्या नैतिकतेचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो चवीसंबंधीच्या निर्णयाच्या नैतिकतेचा. 'तुला हे कळलेच नाही' असे दुसऱ्याला म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि कशाच्या बळावर?

या प्रश्नाची पाश्चात्त्य चर्चा एका पिंपापासून सुरू होते, हा योगायोग नव्हे. डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या अभिरुचिविषयक निबंधात सर्व्हांतेसच्या सँचो पाञ्झाच्या दोन नातेवाइकांची गोष्ट सांगितली आहे. दोघांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. (सर्व्हांतेसच्या मूळ कथेत एकाने जिभेच्या टोकाने चाखले आणि दुसऱ्याने नुसता वास घेतला, असा एक खट्याळ तपशील आहे, ह्यूमने तो गाळला.) ह्यूमला यातून दाखवायचे आहे ते असे की रुचीचे सूक्ष्मत्व ही कल्पना नाही, त्याला वस्तूमध्ये आधार असतो, मग तो आधार इतरांना दिसो वा न दिसो.

कांटने हे दार लावून घेतले. 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये (१७९०) तो नेमके वाइनचेच उदाहरण घेतो. कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याला 'मला सुखद आहे असे म्हण' अशी दुरुस्ती कोणी सुचवली, तर तो ती निमूटपणे मान्य करतो; सुंदराविषयी मात्र अशी दुरुस्ती कोणी मान्य करीत नाही. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) कांट मराठी अभ्यासकांच्या पुरेसा परिचयाचा आहे, त्यामुळे येथे विस्तार नको. जीभ, टाळू आणि घसा यांचे सारे विश्व कांटने 'सुखद'च्या खात्यावर टाकले, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. वाद्यांच्या नादाची आवडनिवडही त्याने तेथेच नेऊन बसवली आहे. गायकवादकांनी ती जागा मुकाट्याने स्वीकारली असेल असे वाटत नाही.

या दोघांपैकी कोणाचे म्हणणे टिकते हे तपासायला सोपे उदाहरण उपयोगाचे नाही. म्हणून मी मुद्दाम एक अवघड, किंबहुना स्वतःशीच भांडणारी वस्तू घेते: लाकडी पिंपात मुरवलेली, कडक, काळसर लागर बीअर, त्यातही बाल्टिक पोर्टर.

पोर्टर ही मूळची अठराव्या शतकातील लंडनची, ओझी वाहणाऱ्या हमालांच्या नावाने ओळखली गेलेली बीअर. तिचे कडक प्रकार बाल्टिक समुद्राच्या बंदरांतून उत्तर व पूर्व युरोपात गेले. एकोणिसाव्या शतकात तेथील कारखान्यांनी ती स्वतः गाळायला सुरुवात केली आणि पुढे बहुतेकांनी आपल्या हाताशी असलेल्या, थंडीत काम करणाऱ्या लागर किण्वाने ती आंबवली. म्हणजे कूळ इंग्रजी, आचार जर्मन. पोलंडमधील झिवियेत्सची पोर्टर आजही या कुळाची साक्ष देते. 'लागर' या जर्मन शब्दात 'साठवण' आहे: आंबवलेली बीअर गोठणबिंदूच्या आसपास आठवडे-महिने निवत ठेवायची. या पद्धतीचा आदर्श निर्मळपणाचा. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध किण्व वापरात आणले, तेव्हा या आदर्शाला विज्ञानाचे बळ मिळाले. धान्याची चव दिसावी, किण्वाची सावलीही पडू नये, अशी ही वृत्ती आहे.

लाकडी पिंपाचे काय? बोहेमिया-बव्हेरियातील तळघरांत बीअर ओकच्या पिंपांतच असे, पण ती पिंपे आतून राळेने सारवलेली असत. हेतू हा की लाकूड बीअरला शिवू नये. लाकडाची चव उतरणे हा दोष होता. आज तीच चव मोल देऊन मिळवली जाते. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला कायद्याने नवे, आतून जाळलेले ओकचे पात्र लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने मोकळी होतात आणि बीअरवाल्यांकडे येतात. काही महिने त्यांत राहिलेली पोर्टर ओककडून व्हॅनिला, नारळाची झाक, तुरटपणा आणि आधीच्या मद्याची ऊब घेऊन बाहेर पडते. निर्मळपणा हा जिचा कुलधर्म, तिने परक्याची चव अंगी लावून घेतली. आता हिला चांगली म्हणायचे की वाईट?

चाखणारा काय करतो ते पाहू. बाल्टिक पोर्टरचा रंग गडद तांबूस-तपकिरी, उजेडासमोर धरल्यास माणकासारखी कड. फार थंड असताना ती मुकी असते. दहाबारा अंशांच्या पुढे बोलू लागते. आधी भाजलेल्या पावाचा पापुद्रा, मग काकवी, मनुका, ज्येष्ठमध, मागाहून कोकोचा कडवटपणा. मात्र हा कडवटपणा करपट होता कामा नये, अशी या जातीची अट आहे. येथे मराठीचे एक वैशिष्ट्य ध्यानात यावे. 'खमंग' आणि 'करपट' यांमध्ये अंतर आचेच्या काही क्षणांचे आहे, पण भाषेने त्या अंतरावर आपला निकाल आधीच कोरून ठेवला आहे. वर्णन आणि मूल्यमापन वेगळे ठेवा, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. जिभेची भाषा ते वेगळे ठेवू देत नाही. त्याहून बोलकी जोडी 'मुरणे' आणि 'शिळे होणे' ही. हवेशी संथ संयोग होऊन फिकट लागरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. ती शिळी झाली. त्याच प्राणवायूच्या संगतीने कडक, काळ्या बीअरला शेरीसारखा सुकामेव्याचा गंध येतो, ती मुरली. काळ एकच, कारण एकच; निर्णय मात्र उलट.

आता ह्यूमच्या किल्लीकडे परत जाऊ. समजा, परीक्षक म्हणाला की या बीअरला चामड्याचा वास येतो. पिंप उपसून पाहिले, किल्ली नाही. पण त्याचे म्हणणे खोटे नाही. ब्रेटॅनोमायसीस नावाचे एक रानटी किण्व लाकडाच्या छिद्रांत वस्ती करते आणि ४-एथिलफेनॉल हे द्रव्य निर्माण करते. त्याचा वास चामड्याचा, तबेल्याचा भासतो. म्हणजे किल्ली आहे, फक्त ती रसायनशास्त्रज्ञाला सापडते. येथवर ह्यूम जिंकला. पण हे किण्व १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेनने वर्णिले ते मुरवलेल्या इंग्रजी बीअरमधून, आणि त्या बीअरचा खरा इंग्रजी स्वभाव याच किण्वाचा, असे त्याचे मत होते. बेल्जियममधील लाम्बिकमध्ये हा वास आजही गुण आहे. बाल्टिक पोर्टरमध्ये तो दोष. किल्ली सापडल्याने 'काय लागते' हा वाद मिटला. 'ते लागावे का' हा तसाच राहिला. ह्यूमच्या कथेतली खरी अडचण ही आहे की दोन्ही नातेवाइकांनी चामडे व लोखंड हे दोषच धरले होते, आणि हसणाऱ्यांनाही त्याबद्दल शंका नव्हती. निकषावर एकमत गृहीत धरून ह्यूमने केवळ निरीक्षणाचा झगडा सोडवला.

शिवाय निरीक्षणही दिसते तेवढे निरागस नसते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला वासहीन रंगाने तांबडी केली, तेव्हा वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. यावरून तज्ज्ञांची टर उडवण्याची फॅशन आहे. मला त्यातून वेगळे दिसते. डोळ्यांनी त्यांना एक जात सांगितली आणि नाकाने त्या जातीत बसणारे शोधले. जात आधी ठरते, गुण मागाहून. केंडल वॉल्टनने १९७० मधल्या आपल्या निबंधात कलाकृतींविषयी हेच मांडले: कृतीचे कोणते गुण आपल्याला प्रतीत होतील हे आपण ती कोणत्या वर्गात पाहतो यावर अवलंबून असते, आणि कोणता वर्ग योग्य हे केवळ आपल्या मर्जीवर नसते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. वर्ग बदलला की दोषाचा गुण होत असेल, तर कोणतीही नासलेली वस्तू नवा वर्ग काढून वाचवता येईल. शिळ्या बीअरवर 'मुरलेली' अशी चिठ्ठी डकवली की काम झाले! तसे होत नाही, कारण खऱ्या वर्गाला बिघडण्याच्याही स्वतःच्या रीती असतात. मुरलेली पोर्टर सोया सॉससारखी खारट-उग्र झाली तर ती मुरण्याच्याच निकषाने फसली. पिंपातल्या बीअरमधून बीअर नाहीशी होऊन नुसती व्हिस्की उरली, तर ती पिंपाच्याच निकषाने फसली. ज्या वर्गात काहीच फसू शकत नाही तो वर्ग नव्हे, ती पळवाट. प्रयोगशीलतेच्या नावाखाली आपल्याकडे जे काही छापले जाते त्यातील बऱ्याच मजकुराला हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पण उलट बाजूही तितकीच खरी. जुन्या वर्गाच्या निकषाने नव्या वस्तूला फसलेली ठरवणे हा अन्यायाचा सभ्य प्रकार आहे. दलित आत्मकथनांना 'कलात्मक घाट' नाही, असे म्हणणाऱ्यांनी राळ लावलेल्या पिंपाचा निकष लावला होता. अनुभव भाषेला शिवू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये दलित साहित्याच्या स्वतंत्र सौंदर्यशास्त्राची मागणी केली ती या पार्श्वभूमीवर. आणि येथे 'चामडे' हा शब्दही पुन्हा तपासावा लागतो. युरोपातील चाखणारा जुन्या तांबड्या वाइनमध्ये चामड्याचा गंध आढळला की कौतुकाने मान डोलावतो. त्याच्या मनात ग्रंथसंग्रहाच्या बांधण्या किंवा घोड्याचे खोगीर असते. आपल्याकडे कातडे कमावणारी वस्ती गावाबाहेर ठेवली गेली आणि त्या वासाचे निमित्त करून माणसांना दूर धरले गेले. हा शब्द मराठीत गुणवाचक म्हणून उच्चारणे सोपे नाही, आणि दोषवाचक म्हणून उच्चारणे निष्पाप नाही. रुची ही सामाजिक प्रतिष्ठेची खूण असते, हे बोर्दियूने १९७९ मध्ये फ्रेंच समाजाच्या आधारे सविस्तर दाखवले. पण त्याच्या विवेचनातून कधीकधी असा समज होतो की खूण म्हटली की निर्णय संपला. तसे असते तर पोर्टर बिघडली आहे असे कोणालाच म्हणता आले नसते, आणि ती बिघडते हे तर गाळणाऱ्यालाच सर्वांआधी कळते.

निर्णयाची आणखी एक बाजू गुणांकनाची. बीअरच्या स्पर्धांत अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची गुणपत्रिका सर्रास वापरतात. एकूण गुण पन्नास: गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच आणि एकंदर ठशाला दहा. शोधनिबंधाच्या गुणपत्रिकेशी परिचित असलेल्या कोणालाही हे पाहून घरी आल्यासारखे वाटेल. ही विभागणी परीक्षकाला शिस्त लावते, आळशी पसंतीला आवर घालते, यात शंका नाही. परंतु ते शेवटचे दहा गुण कशाचे? पहिल्या चाळिसांत सगळे आले असेल तर ते अनावश्यक. आले नसेल तर चाळीस अपुरे. आपल्या परंपरेने या कोड्याला नाव दिले आहे: पानकरसन्याय. गूळ, मिरी इत्यादींपासून झालेल्या पानकाची चव त्या द्रव्यांपैकी कोणाचीही नसते, तशी रसाची प्रतीती विभावादिकांच्या बेरजेची नसते. आपल्या घरातले कैरीचे पन्हे हे त्याच पानकाचे वंशज. भरताने रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा सुमनस पुरुष दृष्टान्तासाठी घेतला. कांटने जो उंबरठा बंद केला त्यावरूनच भरत नाट्यगृहात शिरला. मात्र एक फरक विसरू नये. अभिनवगुप्ताचा सहृदय चर्वणेने अधिक निर्मळ होतो. नऊ टक्के मद्यार्काच्या पोर्टरचे परीक्षण करणारा मात्र प्रत्येक घोटाबरोबर परीक्षक म्हणून थोडा थोडा निकामी होत जातो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बीअरचे बहुधा गिळतात. ज्याचा न्याय करायचा तेच न्यायाधीशाला आतून बदलत असते, हे कांटच्या तटस्थ आस्वादकाच्या कल्पनेत बसत नाही. कादंबरीच्या वाचकाला मात्र ते ओळखीचे वाटेल.

या स्पर्धांतील एक रीत मला तत्त्वज्ञांच्या मांडणीपेक्षा बोधक वाटते. प्रत्येक परीक्षक आधी एकट्याने, न बोलता, आपले गुण आणि शेरे लिहितो. मग टेबलाभोवतीचे परीक्षक एकमेकांशी बोलतात. कोणी म्हणतो, पुन्हा वास घे, व्हॅनिलाच्या मागे काय आहे ते पाहा. दुसरा पेला पुन्हा नाकाशी नेतो. कधी त्याला ते सापडते, कधी तो म्हणतो, आहे, पण मला ते खटकत नाही, आणि मग ते का खटकावे याविषयी बोलणे होते. या बोलण्यातून एक सामायिक गुणसंख्या ठरते, आणि शेरे गाळणाऱ्याकडे जातात. कांट ज्याला सर्वांच्या संमतीची मागणी म्हणतो ती येथे प्रत्यक्ष पेल्यासमोर, समोरासमोर केली जाते, आणि ती नाकारण्याची मुभाही असते. आपल्या विद्यापीठांत दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत पडली की उत्तरपत्रिका तिसऱ्याकडे जाते. त्या दोघांची गाठ घालून दिली जात नाही, आणि तिसरा त्यांच्यापैकी कोणाशीही बोलत नाही.