पाऊस वाईचा, पाणी कुणाचं?

धोम धरणात येणाऱ्या पाण्यावरचा तुझा प्रबंध वाचला. नकाशे झकास, बांधणी महागाची. आता बस आणि एक साधा भागाकार कर.

धोम धरणाची साठवण क्षमता सुमारे 382 दशलक्ष घनमीटर. पाणलोट जेमतेम 217 चौरस किलोमीटर. भाग दे. किती आलं? पावणेदोन मीटर. म्हणजे रिकामं धरण भरायचं तर अख्ख्या पाणलोटावरून पावणेदोन मीटर पाणी वाहून यायला हवं. आणि तू मॉडेलला पाऊस दिलास वाईचा, जिथं वर्षाकाठी मीटरभरही पडत नाही! मग धोम काय टँकरनं भरतात?

कृष्णा उगवते महाबळेश्वरला. तिथं पाच मीटरच्या वर पाऊस कोसळतो. पर्जन्यछाया शाळेत शिकला होतास ना? इंग्लिस नावाच्या अभियंत्यानं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी पावसावरून वाहतं पाणी काढायला घाटासाठी एक सूत्र दिलं आणि पठारासाठी वेगळं, ते काय हौस म्हणून? त्याच्याकडे संगणक नव्हता. नद्यांची मोजमापं होती.

पाणी कमी पडतंय हे तुला दिसलं होतं, याची मला जास्त चीड येते. आकडा जुळेना म्हणून कर्व्ह नंबर, म्हणजे पडल्या पावसातलं किती वाहून जाईल ते ठरवणारा आकडा, चढवत 98 वर नेलास. 98 म्हणजे डांबरी रस्ता, सिमेंटचं छत! जोरच्या खोऱ्यातलं जंगल डांबरानं सारवलंस की रे! तरी भरेना, तेव्हा निष्कर्षात नुसता सहसंबंध छापलास, 0.91. अरे, पाणी कधी चढलं नि कधी उतरलं एवढंच त्याला कळतं. निम्मं गायब झालं तरी त्याला पत्ता नसतो. ही तूट पकडणारा नॅश-सटक्लिफ गुणांक 1970 पासून आहे. तो मुद्दाम टाळलास की ठाऊकच नव्हता, हे सांगूही नकोस. दोन्ही उत्तरं वाईटच.

वर याच आकड्यांवर पाण्याची किंमत काढलीस, घनमीटरला इतके रुपये! उद्या हा तक्ता धरून कुणी उन्हाळी आवर्तन कापलं, तर कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला काय तुझा सहसंबंध दाखवायचा?

उंटावरून शेळ्या हाकणं पुरे. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, जिथं जिथं पर्जन्यमापक आहे तिथला रोजचा पाऊस आण. कर्व्ह नंबर माती आणि झाडोरा बघून ठरव, उत्तर बघून नव्हे. निम्मी वर्षं मॉडेल बसवायला घे, उरलेली पडताळणीला. आणि पडताळणीच्या वर्षांकडे आधी डोकवायचं नाही. तोवर या प्रबंधावर माझी सही होणार नाही.