रक्ताचे तीन थेंब

वर्गात एकदा मी मुलांना पेलिकन पक्ष्याची जुनी गोष्ट सांगितली. दुष्काळ पडतो, तळी आटतात, मासे मिळेनासे होतात. तेव्हा पेलिकनची मादी आपल्या लांब चोचीने स्वतःचीच छाती फोडते आणि त्या रक्तावर पिल्लांना जगवते. वर्ग अगदी चिडीचूप झाला होता. गोष्ट रंगली म्हणून मी मनातून खूष होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पण तेव्हा पिल्लांचे बाबा कुठे होते?"

मुले हसली. मीही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न काही मनातून जाईना.

ही गोष्ट युरोपात शतकानुशतके चालत आली आहे. आत्मबलिदान करणाऱ्या ख्रिस्ताचे प्रतीक म्हणून तिथल्या चर्चांतून पेलिकन कोरला गेला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १५७५ च्या सुमाराच्या एका चित्रात तिच्या छातीवर पेलिकनचे पदक आहे; आपण प्रजेची माता आहोत, असे त्यातून सांगायचे. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या ध्वजावर आजही पेलिकन आहे आणि तिच्या छातीवर रक्ताचे तीन थेंब आहेत. गंमत पाहा, आपल्याकडे पाण्यात उभा राहणारा बगळा ढोंगी ठरला आणि तिकडे हा झोळीवाला संत ठरला! बिचारे दोघेही आपापले मासे पकडत होते.

खऱ्या पेलिकनच्या चोचीखालची झोळी म्हणजे त्याचे जाळे. पाण्यासकट मासा तीत घ्यायचा, चोच छातीकडे वळवून पाणी गाळून टाकायचे आणि मासा गिळायचा. छातीशी टेकलेल्या त्या चोचीवरूनच रक्ताची कथा निघाली असावी. अंडी मात्र नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, तीही आपल्या रुंद पावलांवर घेऊन. पिल्ले दोघांच्याही घशात मान खुपसून खातात. म्हणजे त्या मुलीला उत्तर मिळाले होते. बाबा घरट्यावर बसले होते आणि आई मासे आणायला गेली होती!

हे मी मोठ्या आनंदाने वर्गात सांगणार होतो. पण पुढे आणखी वाचले. अमेरिकेतल्या पांढऱ्या पेलिकनला बहुधा दोन पिल्ले होतात. थोरले आधी अंड्यातून बाहेर येते, धाकट्याला टोचून घास मिळू देत नाही, आणि बहुतेक वेळा एकच वाचते. आईबाप मध्ये पडत नाहीत. आता हाही धडा मुलांना द्यायचा काय? वाटून घेतलेला संसार तेवढा उचलायचा आणि धाकट्याचे मरण झाकून ठेवायचे, हे काही खरे नव्हे. पाखरू कुणाचे गुरू होत नाही. त्याच्याकडून काय घ्यायचे, हे आपणच ठरवतो.

मग माणसाने इतकी वर्षे रक्ताचीच गोष्ट का निवडली असावी? मला वाटते, ती सोयीची होती. जिला आपण देवी म्हटले, तिच्या हातातले काम आपल्याला घ्यावे लागत नाही. आणि देणाऱ्याच्या मनातही ते रक्त साचून राहते. शेक्सपिअरचा लिअर राजा कृतघ्न मुलींना पेलिकनच्या पिल्लांचीच उपमा देतो. बापाच्या रक्तावर पोसलेल्या मुली, असा त्याचा आक्रोश आहे. त्यागाचा असा हिशेब एकदा समोर आला, की लेकरांना तो कधीच फेडता येत नाही.

माझ्या आईने हिशेब कधी मांडला नाही. दिवाळीत अनारशांचा डबा उघडला की ती म्हणायची, "मला नाही रे आवडत, तुम्ही खा." आम्ही भावंडे खात होतो. ती गेल्यानंतर एकदा मामा सहज बोलून गेले, "लहानपणी ताई अनारशांसाठी फडताळ धुंडाळत फिरायची." आम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो होतो, की आमची आई म्हणजे त्यागाची मूर्ती. पण त्या मूर्तीपुढे अर्धा अनारसा मोडून धरावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

कर्नाटकात कोक्करेबेल्लूर नावाचे गाव आहे. तिथे पेलिकन गावातल्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. गावकरी त्यांच्यासाठी चिंचेच्या उत्पन्नावर पाणी सोडतात आणि झाडाखाली पडलेली विष्ठा खत म्हणून शेतात नेतात. २००७ मध्ये ते गाव राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे रक्त सांडून काही मिळत नाही. थोडे सोडावे लागते, थोडे मिळते.

त्या मुलीला मी पुढे सगळे सांगितले, धाकट्या पिल्लाचेसुद्धा. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, पण आपण तर मध्ये पडू शकतो ना?"

या दिवाळीत आमच्या घरी अनारशांचा डबा उघडेल, तेव्हा पहिला अनारसा कुणाच्या ताटात पडतो, ते मी पाहणार आहे.