झाकलेलं सत्य

पुतण्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलेना. सूनबाईच्या तपासण्या झाल्या, औषधं झाली, उपास झाले. त्याची वीर्यतपासणी मात्र सर्वांत शेवटी! निघाला व्हेरिकोसील. पायाच्या शिरा फुगतात तशा अंडकोशाच्या फुगतात, बहुधा डाव्या बाजूच्या. १०० पुरुषांत साधारण १५ जणांना असतो. यात लाज कसली? सूक्ष्मदर्शकाखाली त्या शिरा बांधल्या. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा तीन ते सहा महिने थांबा. खात्री मात्र नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरात ठरलं, बाहेर 'हर्निया' सांगायचं. हळदीकुंकवात एकीनं विचारलं, "सुनेचंच काही आहे का हो?" मी म्हटलं, "औषध चालू आहे तिचं." ती समोरच वाण देत होती. मान खाली.

दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यही बोलू नये, असं समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आहे. त्यावर मी मनाची समजूत घातली होती. पण एकाची लाज झाकायला दुसरीवर दोष घालणं कुठल्या व्रतात बसतं? "ते त्या दोघांचं आहे, बाई," एवढं म्हटलं असतं तर खोटंही नव्हतं, घावही नव्हता.

क्षमावाणीला यंदा मी आधी सुनेकडे गेले. ती म्हणाली, "काकू, मला नको, त्या बायकांना सांगा."

म्हणून दोघांना विचारून हे लिहिलं.