ताटाभोवतीचा वेढा

रविवारी पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला बसलेली कुटुंबं पाहा. तव्यावरची गरम भाकरी, खर्डा, मातीच्या भांड्यातलं दही. चारेक वर्षांचं पोर मात्र ‘मला नूडल्सच पायजे’ म्हणून भोकाड पसरतं. आई घास घेऊन मागे, आजीचं चिऊ-काऊ, बाबा आधी डोळे वटारतात, मग मोबाइल हातात देतात. पडद्याकडे बघत पोर तोंड उघडतं. ‘खाल्लं बाई एकदाचं!’

खाल्लं कुठलं? गिळलं.

१६६० मध्ये याच गडाला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. वेढा पडला की आतला माणूस निसटायची वाट शोधतो. शिवाजी महाराजांनी ती भर पावसाळ्यात शोधली. आपण ताटाला वेढा घालतो तेव्हा पोरही तेच करतं. घास गालात धरतं, उलटी काढतं, शेवटी ताट भिरकावतं.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. पुढे वाढ मंदावते, भूकही. नव्या चवीची धास्तीही याच वयातली. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे मूल तिला हात लावतं. आपण तिसऱ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. काय, कधी, कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं का आणि किती, हे मुलानं, असं अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर सांगतात. पहिलं आपल्याला पटतं, दुसऱ्यापाशी घोडं अडतं. कारण ‘पोर वाळलंय की गं’ हा शेजारणीचा टोमणा आईला ऐकावा लागतो आणि त्याची भरपाई पोराच्या पोटाकडून वसूल होते. ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणताना आपण नेमकं कुणाचं समाधान बघतो?

ताट फेकलं तर ते उचलावं, जेवण तिथंच संपवावं. मार नको, बदली नूडल्सही नकोत. पुढचं जेवण वेळेवर मिळणार असेल, तर यात निष्ठुरपणा नाही. मात्र वजन घटत असेल किंवा घास वारंवार अडकत असेल, तर तो हट्ट समजू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि आपल्या कोल्हापुरी घरांत एक गोष्ट आधी तपासा. दुधाचं कौतुक आपल्याला फार. दिवसभर पेल्यावर पेले रिचवणाऱ्या पोराला भूक लागणार कशी? शिवाय दुधात लोह नगण्य. आधी दूध आणि जेवणाआधीची बिस्किटं कमी करा, भाकरीवरून रागवायचं ते नंतर बघू.