जन्म न देता

ऑटोमन हरममध्ये बाईची पत मुलावरून ठरे. मुलगा तख्तावर बसला की आई वालिदे सुलतान, म्हणजे हरमची सर्वाधिकारी. 1623 मध्ये मुराद चौथा अकराव्या वर्षी सुलतान झाला, तेव्हा कारभार त्याच्या आईने, कोसेम सुलतानने, हाकला.

मग जिची कूस उजवली नाही, तिचं काय?

पेरेस्तूचं आयुष्य पाहावं. या चेर्केस मुलीला निपुत्रिक राजकन्या एस्मा सुलतानने लेक मानून वाढवलं आणि सुलतान अब्दुलमजीदने तिच्याशी लग्न केलं. तिला मूल झालं नाही. पण शहजादा अब्दुलहमीदची आई क्षयाने गेली, तेव्हा सुलतानाने ते दहा-अकरा वर्षांचं पोरकं पोर तिच्या ओटीत घातलं. 1876 मध्ये तो तख्तावर आला आणि पेरेस्तू वालिदे सुलतान झाली. त्या घराण्यातली शेवटची. मान पूर्ण मिळाला, मात्र राजकारणात तिने लक्ष घालू नये, हे मुलाने बजावलं. तो तख्तावर आला त्याच्या आदल्याच वर्षी बडोद्यात महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं होतं. तोच पुढचा महाराजा सयाजीराव. दोन्हीकडे आईपण जन्माशिवाय मिळालं खरं, पण ते गादीला बांधलेलं होतं.

1924 मध्ये ऑटोमन खिलाफत बुडाली, घराणं देशोधडीला लागलं. 1931 च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरात या घराण्याच्या दोन मुली हैदराबादच्या निजाम मीर उस्मान अली खानच्या सुना झाल्या. शेवटच्या खलिफाची लेक दुर्रुशेहवार थोरल्या आझम जाहला दिली, तर मुराद पाचव्याची पणती निलोफर धाकट्या मोअज्जम जाहला. दुर्रुशेहवारला दोन मुलगे झाले. त्यातल्या थोरल्या मुकर्रम जाहला निजामाने बापाला डावलून वारस नेमलं. हरमचा जुना हिशेब इथेही चालला!

निलोफरने युरोपातले डॉक्टर केले, उपाय केले. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. अशात 1949 मध्ये तिची लाडकी दासी रफत बाळंतपणात दगावली. राजवाड्यात राहणाऱ्या बाईलाही वेळेवर धड उपचार मिळू नयेत, याने निलोफर हादरली. यापुढे कोणाची रफत अशी जाऊ नये, म्हणून तिने बाळंतिणींसाठी आणि लेकरांसाठी रुग्णालयाचा ध्यास घेतला. 1952 मध्ये तिचा घटस्फोट झाला, 1953 मध्ये हैदराबादच्या रेड हिल्स भागात निलोफर रुग्णालय सुरू झालं.

पेरेस्तूला आईपण सुलतानाने सोपवलं होतं. निलोफरला ते कोणी सोपवलं नाही, तिने ते आपणहून पत्करलं, आणि तेही ज्यांच्याशी गादीचा काडीचाही संबंध नव्हता अशा बायकांसाठी. तिच्या रूपाबद्दल आणि साड्यांबद्दल लोक आजही भरभरून बोलतात. त्या कौतुकात रफतचं नाव मागे पडतं, हे फार खटकतं. ती गेली नसती तर हे रुग्णालय उभं राहिलं असतं का, कोण जाणे.