खापर

सिएरा लिओनच्या पूर्व टोकाला कैलाहून जिल्हा आहे. १९९१ च्या मार्चमध्ये लायबेरियाची हद्द ओलांडून बंडखोर पहिल्यांदा इथेच घुसले. २००२ साली युद्ध संपेपर्यंत देशात सुमारे ५०,००० माणसं मेली. फ्रीटाउनच्या विशेष न्यायालयाने आरोप ठेवले ते १३ जणांवर. बाकीचे आपापल्या गावी परतले. हात तोडणारे आणि हात गमावलेले एकाच पाणवठ्यावर उभे राहू लागले.

तिथल्याच एका गावातली ही गोष्ट. बाराव्या वर्षी बंडखोरांनी उचलून नेलेला एक पोरगा वर्षभराने त्यांनाच वाट दाखवत आला. त्या रात्री भाताची कोठारं जळाली आणि चार माणसं गेली. त्यात एका बाईचा नवरा होता. युद्धानंतर पोरगा घरी आला तेव्हा गावाने त्याला वाळीत टाकलं. पुढे पीक करपलं तरी त्याच्यामुळे, बाळंतीण दगावली तरी त्याच्यामुळे. गावाची मोठीच सोय झाली म्हणायची.

२००८ पासून त्या भागात ‘फाम्बुल टोक’च्या बैठका होऊ लागल्या. क्रिओ भाषेत त्याचा अर्थ घरातल्या माणसांचं बोलणं. रात्री शेकोटी पेटवायची, भोवती गाव बसायचं आणि ज्याने जे केलं ते त्याने सांगायचं.

या गावातही शेकोटी पेटली. आता तरुण झालेला तो पोरगा उठला, सगळं बोलला आणि त्या बाईच्या पायाशी वाकला. ती म्हातारी झाली होती. बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“तुला न्यायला ते थेट तुझ्याच दारात कसे आले रे?”

“ठाऊक नाही, आजी.”

“आधी माझ्या दारात आले होते. पोरगा मागत होते. माझा कणगीमागे लपला होता. मी तुमच्या घराकडे बोट दाखवलं.”

तिचा मुलगा समोरच बसला होता, मांडीवर झोपलेली लेक घेऊन. त्याने मान खाली घातली.

तरुण उठून अंधारात गेला. गेला तो गेलाच, असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळाने तो दोन ओंडके घेऊन आला. विस्तव मंदावला होता, त्यावर टाकले. मग म्हातारीच्या शेजारी बसला, हातभर अंतर सोडून.

कुणीच बोलेना. शेवटी गावचा मुखिया खाकरला.

“आता माझं ऐका,” तो म्हणाला.