वाडी गहाण ठेवून इतिहास शिकावा का?

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील घराघरांत तीच चर्चा सुरू होते. मूल विज्ञान शाखेचे असेल तर प्रवेश कुठे मिळेल याची, कला शाखेचे असेल तर ‘पुढे काय?’ याची. हल्ली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांत एम.ए. करायला आपली मुले इंग्लंडला किंवा एखाद्या महागड्या खाजगी विद्यापीठात जाऊ पाहतात. मग कर्ज काढायचे का आणि ते फिटणार कशातून, हा प्रश्न उभा राहतो. हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही, असे आम्हाला वाटते. तरी हिशेब आधी करू या.

समजा, दोन वर्षांच्या एम.ए.साठी १० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. शिकत असताना आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर तीन वर्षांत कर्ज १३ लाखांवर जाते. ते १० वर्षांत फेडायचे म्हटले तर दरमहा सुमारे १७,२०० रुपये हप्ता बसतो. एकूण परतफेड २० लाखांच्या वर जाते. आता तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणाऱ्या, वर्तमानपत्रात नव्याने लागलेल्या किंवा एखाद्या संस्थेत काम करणाऱ्या ओळखीतल्या मुलामुलींना त्यांचा पगार विचारावा. पुस्तकी सरासरीपेक्षा हे उत्तर अधिक उपयोगी पडेल.

इंग्लंडची उदाहरणे आपल्याकडे फार सांगितली जातात. तिथे म्हणे पदवीसाठी सगळेच कर्ज काढतात. काढतात हे खरे, पण ते कर्ज वेगळे असते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून पदवीला लागलेल्या तिथल्या विद्यार्थ्याने वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे मिळवले, त्याच्या ९ टक्केच द्यायचे. त्याहून कमी मिळवले तर काहीच नाही. आणि ४० वर्षांनी उरलेले कर्ज माफ. म्हणजे कविता शिकून कमी पगारावर राहिलेल्याच्या दारात कोणी वसुलीला येत नाही. तरीही तिथे हा वाद पेटलेला आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे पाचांतील एक पदवीधर विद्यापीठात गेला नसता तर पैशांच्या दृष्टीने बरा राहिला असता. आपल्या मुलाला ही तिथली सवलत मिळत नाही. फी तिथल्या मुलापेक्षा जास्त, आणि कर्ज इथल्या बँकेचे, ज्याचा हप्ता पगार असो वा नसो, ठरल्या तारखेला भरावाच लागतो.

पण मग ‘कला शाखेला कर्ज नकोच’ असे म्हणून मोकळे होता येईल का? इथे आपण पालकांनी स्वतःशी प्रामाणिक राहायला हवे. इंजिनीअरिंगच्या कोणत्याही खाजगी कॉलेजचा फॉर्म आला की आपण न वाचता सही करतो; तिथली किती मुले कामाला लागली, हे विचारत नाही. लग्नाच्या मांडवासाठी, बँडसाठी, जेवणावळीसाठी कर्ज काढताना तर ‘यातून मिळकत किती?’ असे कुणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो प्रश्न नेमका मुलीने तत्त्वज्ञान शिकायचे म्हटल्यावरच आठवतो. विचारायचा तर सगळ्यांना विचारावा.

आमच्या मते खरी अडचण पुढेच आहे. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे घर किंवा वाडी. वाडी एकट्या बापाची नसते. तीत धाकट्या भावाचा वाटा असतो, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा असतो, म्हाताऱ्या आईचा निवारा असतो. एका मुलाच्या एम.ए.साठी ती गहाण टाकताना बाकीच्यांना विचारले का? बहुतेक घरांत विचारलेले नसते, सांगितलेले असते. शिवाय सहकर्जदार म्हणून सही करणारे वडील दोन-चार वर्षांत निवृत्त होणार असतात. इतिहासाला पगार कमी, यात कुणाचा अपराध नाही. पण फेडण्याची जोखीम ज्याला विचारलेच नाही त्याच्या माथी मारणे, हे न्यायाचे नाही. विषय इंजिनीअरिंगचा असला तरी नाही.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. समाजात काम करायचे, लिहायचे, शिकवायचे म्हणून जो विषय निवडला, त्याच विषयाच्या कर्जापायी दहा वर्षे मिळेल ती नोकरी धरून बसावे लागले तर काय साधले? आदिवासी पाड्यावर काम करू इच्छिणारी मुलगी १७,००० चा हप्ता डोक्यावर घेऊन तिथे राहू शकत नाही.

विषयाची किंमत आणि जागेची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो. तोच इतिहास अनुदानित कॉलेजात थोड्या फीमध्ये शिकता येतो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरी राहून एम.ए. करता येते. यू.जी.सी.ची नेट परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि त्यात मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषयही आहेत. ती थोड्यांनाच मिळते, हे खरे. म्हणून तयारी बी.ए.पासूनच हवी. इंग्लंडलाच जायचे असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. दोन वर्षे थांबणे आपल्या मुलांना फार जड जाते. पण त्या दोन वर्षांत विषयाची ओढ खरी की परदेशाची, तेही कळते.

हे सारे करूनही काही घरांत कर्ज घ्यावेच लागेल. घ्यावे. मात्र रक्कम इतकीच असावी की मूल पहिल्या साध्या नोकरीतून स्वतः हप्ता भरू शकेल आणि वाडीला हात लागणार नाही. कर्जाचा करार बहुधा इंग्रजीत असतो. सही करण्यापूर्वी तो त्या मुलाकडूनच, सगळ्या भावंडांसमोर, मराठीत समजावून घ्यावा. साहित्य नाहीतर इतिहास शिकायला निघालेल्याला एवढे जमायला हरकत नाही.